स्कालामधून जेसनमध्ये नॅन आणि इन्फिनिटी पाठवताना

निफाडच्या मामांसाठी कांद्याच्या सरासरी भावाचं छोटं ॲप केलं होतं. बाजार बंद असला की आवक शून्य, उलाढालही शून्य. शून्याला शून्याने भागलं की स्काला या प्रोग्रामिंग भाषेतला डबल (दशांश आकड्यांचा टाइप) कुरकुर न करता नॅन देतो, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण. मामांचा नाशिकला फोन: "अरे, भावाच्या जागी 'नल' दिसतंय. नळाला पाणी आलं का?"

जेसन म्हणजे डेटा इकडून तिकडे पाठवायचा मजकुराचा साचा; त्याच्या व्याकरणात नॅन आणि इन्फिनिटी (अनंत) बसतच नाहीत. प्ले जेसन ही स्कालाची लायब्ररी अशा आकड्यावर सरळ एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक दाखवून थांबते. माझ्या ॲपमधली सर्सी ही लायब्ररी गुपचूप नल (रिकामी किंमत) लिहिते आणि वाचताना त्या नलचं नॅन करते, म्हणजे इकडून इन्फिनिटी धाडली तरी पलीकडे नॅनच उतरतं. माझ्या मते फेकणारी लायब्ररी परवडली.

आधी ठरवा: नॅन, इन्फिनिटी आणि उणे इन्फिनिटी या तिन्ही खास किमती स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवायच्या. "शून्य टाक की" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. भाव शून्य असणं वेगळं, भावच नसणं वेगळं.

मग डबलचा एन्कोडर, म्हणजे किमतीचं जेसन करणारा कोड, लिहा. नॅन स्वतःशीही समान नसतो, त्यामुळे मॅचमध्ये (किंमत पाहून फांदी निवडताना) नॅनची केस कधीच लागत नाही, इझनॅन हे फंक्शन विचारा.

आता खरी मेख. एन्कोडर लिहूनही माझ्याकडे नल येतच राहिला, अख्खी संध्याकाळ गेली. सर्सीचा स्वतःचा डबल एन्कोडर कायम हजर असतो. तुमचा नजरेआड असला की कंपायलर एरर नाही, वॉर्निंग नाही, मुकाट्याने तोच उचलतो. मी इम्पोर्ट टाकला होता मेन फाइलमध्ये. उपयोग शून्य, कारण केस क्लासचा (डेटा ठेवायच्या क्लासचा) एन्कोडर जिथे डिराइव्ह होतो, म्हणजे आपोआप तयार होतो, तिथेच डबलचा कोणता घ्यायचा हे ठरतं.

स्काला २ मध्ये आणखी एक खोच: इम्प्लिसिट व्हॅलला (कंपायलर स्वतः शोधून वापरतो त्या किमतीला, इथे आपल्या एन्कोडरला) टाइप दिला नाही आणि ती वापराच्या खाली राहिली, तर कंपायलर तिला जमेतच धरत नाही. म्हणून ती केस क्लासच्या कंपॅनियनमध्येच (त्याच नावाच्या जोडीदार ऑब्जेक्टमध्ये), डिराइव्हच्या वर, टाइपसकट लिहा. एन्कोडर जागोजागी आपोआप बनवणाऱ्या ऑटो डेरिव्हेशनच्या नादी लागू नका. आणि एन्कोडरच्या आत त्याच डबलवर ॲझजेसन (जेसन करून देणारी मेथड) लावलंत, तर तो स्वतःलाच हाका मारत बसेल.

जेसन वाचणारा डीकोडर उलट दिशेने. नल मात्र तिथे स्पष्ट नाकारा, नाहीतर जुनं दुखणं परत.

टेस्टमध्येही नॅनची तुलना बरोबरच्या चिन्हाने करू नका. मामांच्या स्क्रीनवर आता त्या जागी 'बाजार बंद' येतं.