ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करण्यापूर्वी परतीची वाट तयार ठेवा

अपडेट लगेच घ्यावे की थोडे थांबावे, हे ते अपडेट कोणत्या प्रकारचे आहे यावर ठरते. त्यामुळे ‘इन्स्टॉल’चे बटण दाबण्यापूर्वी त्याचे नाव आणि सोबतची माहिती वाचण्याची सवय लावून घ्यावी. विंडोजची नियमित सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि ती फार काळ लांबणीवर टाकणे धोक्याचे असते. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच उपलब्ध करून दिले होते. मधले जवळजवळ दोन महिने ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे संगणक विनाकारण उघडे राहिले. सुरक्षा अपडेटच्या बाबतीत ‘काही बिघडेल’ या भीतीने दोन-चार दिवस थांबणे समजू शकते, मात्र महिनोन्‌महिने थांबण्याचे समर्थन करता येत नाही.

आवृत्तीच बदलणाऱ्या मोठ्या अपडेटची गोष्ट वेगळी आहे. विंडोज १० ची ऑक्टोबर २०१८ मधील आवृत्ती काही संगणकांवर चढली तेव्हा वापरकर्त्यांच्या फोल्डरमधील फाइल्स नाहीशा झाल्या. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते, पण काही फाइल्स जुन्या जागीच राहिल्या होत्या, त्यांचा तो जुना फोल्डर अपडेटने आतल्या मजकुरासह काढून टाकला. मायक्रोसॉफ्टने वितरण थांबवले आणि दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिली. म्हणून मोठी आवृत्ती आली की काही आठवडे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उबुंटू या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर हा संयम पद्धतीतच बसवलेला आहे: एका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून पुढच्या तशाच आवृत्तीवर जाण्याची सूचना नवी आवृत्ती निघताच येत नाही, तिची पहिली सुधारित आवृत्ती निघाल्यावर येते. विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवण्याची सोय ‘विंडोज अपडेट’च्या पानावरच असते, परंतु ती वापरल्यास सुरक्षा अपडेट्सही थांबतात, हे विसरू नये.

ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर, कॅमेरा यांसारखी उपकरणे चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, ऐच्छिक अपडेट्स प्रत्यक्ष अडचण असेल तरच घ्यावीत. बायोसचे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे, अपडेट सर्वांत नाजूक असते, कारण ते चालू असताना वीज गेली तर संगणक सुरूच न होण्याची शक्यता राहते.

तयारीत पहिला क्रमांक बॅकअपचा. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो: फाइल्स क्लाउडवर आपोआप जात असल्या म्हणजे बॅकअप झाला, असे धरले जाते. प्रत्यक्षात अशा सोयी दोन्ही ठिकाणची स्थिती सारखी ठेवतात, त्यामुळे संगणकावरची फाइल पुसली गेली की क्लाउडवरचीही जाते आणि मग ती कचरापेटीत सापडण्यावर भिस्त ठेवावी लागते. खरा बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्यावा, त्यातल्या दोन-तीन फाइल्स उघडून पाहाव्यात आणि नंतर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ सगळ्यांना आठवतात. डेस्कटॉपवर पडलेल्या फाइल्स, ब्राउझरमधील बुकमार्क, संगणकावरच साठवलेले ईमेल आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा हे मात्र हमखास राहून जाते.

दुसरी गोष्ट अनेकांना अडचण आल्यावरच कळते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद केलेली, असते आणि वापरकर्त्याला त्याची कल्पनाही नसते. बायोस बदलल्यावर, क्वचित साध्या अपडेटनंतरही, निळ्या पडद्यावर बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शन सोयीची रिकव्हरी की मागितली जाते. ही की ४८ अंकांची, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते. ती हाती नसेल तर आतला डेटा मिळवण्याचा मार्ग उरत नाही. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण त्या खात्यात शिरण्यासाठी त्या वेळी दुसरे यंत्र आणि पासवर्ड दोन्ही लागतात. त्यामुळे की आधीच कागदावर उतरवून घ्यावी, सोबत दिलेल्या ओळखक्रमांकावरून ती याच संगणकाची असल्याची खात्री करावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता अन्यत्र ठेवावा. बायोसचे अपडेट करायचे असल्यास त्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे.

मोठ्या आवृत्तीसाठी मुख्य डिस्कवर २० ते २५ जीबी तरी जागा मोकळी असावी. लॅपटॉप चार्जरला जोडावा, प्रिंटर आणि पेनड्राइव्ह काढून ठेवावेत आणि अपडेटपूर्वी संगणक एकदा रीस्टार्ट करावा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत फरक आहे: ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास शट डाउन करताना प्रणालीची काही स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि तीच पुन्हा उचलली जाते, तर रीस्टार्टमध्ये सर्व काही नव्याने सुरू होते. कामासाठी लागणारी सॉफ्टवेअर्स नव्या आवृत्तीवर चालतात का, हेही आधी पाहावे. मॅकची २०१९ मधील कॅटलिना आवृत्ती आली तेव्हा ३२ बिटची सर्व जुनी ॲप्स एका फटक्यात बंद पडली होती.

अपडेट सुरू झाल्यावर आकडा एखाद्या टक्क्यावर बराच वेळ खिळून राहिला, तरी पॉवरचे बटण दाबण्याची घाई करू नये. तो आकडा वेळेचे मोजमाप नसतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एकेका टप्प्याला तासाहून अधिक वेळ लागू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल किंवा पंख्याचा आवाज कमीजास्त होत असेल, तर काम चालू आहे असे समजावे. तीन-चार तास कोणतीच हालचाल दिसली नाही, तरच सक्तीने बंद करण्याचा विचार करावा.

संगणक पुन्हा सुरूच होत नसेल, तर घाबरून विंडोज नव्याने टाकण्यास सांगू नये. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीन वेळा फसला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असे गेल्यास शेवटचे मासिक अपडेट किंवा शेवटची मोठी आवृत्ती काढून टाकता येते आणि आपल्या फाइल्सना त्यात हात लागत नाही. लिनक्समध्ये जुना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सहसा जपलेला असतो, तो सुरुवातीच्या मेनूतील प्रगत पर्यायांतून निवडावा. मॅकवर मात्र जुन्या आवृत्तीकडे परतणे इतके सोपे नाही. त्यासाठी बहुधा डिस्क पुसून जुनी आवृत्ती टाकावी लागते आणि फाइल्स टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप सोयीतून आणाव्या लागतात.

एखादे अपडेट पुन्हा पुन्हा अयशस्वी होत असेल, तर तोच प्रयत्न करत न राहता त्रुटीचा कोड अपडेटच्या क्रमांकासह टिपून शोधावा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा अपडेट अनेक संगणकांवर चढतच नव्हते. कारण इतकेच होते की रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या डिस्कच्या भागात, त्याला हवी असलेली २५० एमबी मोकळी जागा नव्हती, पण पडद्यावरच्या संदेशात त्याचा उल्लेखही नव्हता. इंटरनेटवर सापडलेल्या प्रत्येक उपायामागे धावणे मात्र टाळावे; ‘अपडेट दुरुस्त करणारे’ म्हणून मिळणारे अनोळखी प्रोग्रॅम तर मुळीच उतरवून घेऊ नयेत.

सर्व काही सुरळीत पार पडले, तर प्रिंटर, आवाज, कॅमेरा, वायफाय आणि रोजची सॉफ्टवेअर्स त्याच दिवशी तपासावीत. मोठ्या आवृत्तीनंतर विंडोज जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवते आणि सामान्यतः दहा दिवसांच्या आत ‘रिकव्हरी’च्या पानावरून तिच्याकडे परतता येते, तोवर जागा मोकळी करण्यासाठी तो फोल्डर पुसू नये आणि बॅकअपच्या डिस्कवरही दुसरे काही लिहू नये.