शेतावर डिझेलचा ड्रम: आणायचा कसा, ठेवायचा कसा

ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा करून तालुक्याच्या पंपावर जाणे परवडत नाही, म्हणून शेतावर ड्रम लागतोच. पेट्रोलियम कायद्यानुसार एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल विनापरवाना ठेवता येते. एक भांडे मात्र १,००० लिटरपेक्षा मोठे नको. पेट्रोलचा साठा करूच नका. फवारणी पंपापुरते लागले तर लोखंडी कॅनमध्ये, घरापासून लांब ठेवा.

ड्रम लोखंडी घ्या. तणनाशकाचा जुना ड्रम नको, जस्ताचा मुलामा असलेलाही नको: डिझेलमध्ये जस्त उतरते, चिकट गाळ होतो आणि इंजेक्टर चोक होतात. २०० लिटरच्या ड्रममध्ये १९० लिटरच भरा. तापमान २० अंशांनी वाढले की तेवढे डिझेल तीनेक लिटरने फुगते, आणि नवतप्यात उन्हातल्या ड्रमला एवढा फरक सहज पडतो. भरलेला ड्रम पावणेदोनशे किलोच्या वर जातो. ट्रॉलीत उभा ठेवून दोन बाजूंनी दोर आवळा. उतरवताना जाड फळ्यांवरून, दोघांनी धरून घ्या. टायरवर टाकून उतरवला तर खालचा सांधा उसवतो आणि गळती चार दिवसांनी कळते.

डिझेलचा खरा शत्रू पाणी. उघड्यावर उभ्या ड्रमच्या माथ्यावर पावसाचे डबके साचते. उन्हाने तापलेला ड्रम सरीने एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि घट्ट बुचातूनही ते पाणी आत ओढले जाते. म्हणून ड्रम टिनाच्या सावलीत, लाकडी ओंडक्यांवर ठेवा. सावली नसेल तर एका बाजूला फळी सारून तो असा कलता करा की दोन्ही बुचे डबक्याबाहेर राहतील. बुचाचे रबरी वायसर दर हंगामात बदला.

पाणी तपासायला पारदर्शक नळी घ्या. वरचे तोंड अंगठ्याने दाबून ती तळापर्यंत न्या, अंगठा सोडा, पुन्हा दाबून नळी वर काढा. खाली पाण्याचा थर स्पष्ट दिसतो. डिझेल आणि पाण्याच्या मध्ये काळपट शेवाळासारखे काही दिसले तर ते जंतूंचे. फिल्टर वारंवार चोक होतो तो त्यामुळेच. तळचे पाच-सहा लिटर हातपंपाने वेगळे काढा. एरवी पंपाची नळी तळापासून चार इंच वर ठेवा. ड्रम हलवला असेल तर रात्रभर निवळू द्या, मगच काढा. साठा सहा महिन्यांत संपेल एवढाच आणा.

कुटार, पऱ्हाटी आणि कापसाचा ढीग ड्रमजवळ नको. विजेचे स्टार्टरही लांबच. शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचे अग्निशामक हवेच. पेटल्या डिझेलवर पाणी ओतले तर आग पाण्यावर तरंगत पसरते.

नळी तोंडाने कधीही ओढू नका. घोटभर डिझेल फुप्फुसात गेले तरी न्यूमोनिया होतो. कोणी गिळलेच तर उलटी करवू नका, सरळ दवाखान्यात न्या.