क्लॉकच्या वाटेवर ३३ ओहमचा रेझिस्टर
एसपीआयचा (दोन चिपमध्ये डेटा पाठवणाऱ्या जोडणीचा) वेग वाढवला की डेटा चुकतोय? कोड बदलण्याआधी क्लॉकचा, म्हणजे डेटाला ताल देणाऱ्या सिग्नलचा, ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) बघा. एफआर-४ (नेहमीच्या फायबरग्लासच्या) बोर्डवर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर जातो. चढती कड (सिग्नल खालून वर जायला लागणारा वेळ) १ नॅनोसेकंदाची असेल तर १० सेंटीमीटरचा ट्रॅकही लांबच. टोकावरून सिग्नल उलटा फिरतो आणि क्लॉकच्या एका ठोक्याचे दोन मोजले जातात. अशा वेळी क्लॉक पाठवणाऱ्या पिनला अगदी चिकटून २२ ते ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. पिनचा अंतर्गत रोध धरून बेरीज ट्रॅकच्या इम्पिडन्सएवढी (धावत्या सिग्नलला ट्रॅकवर जाणवणाऱ्या रोधाएवढी), बहुधा ५० ओहमच्या आसपास, यायला हवी. घेणाऱ्या टोकाला लावून फारसा उपयोग नाही. तपासताना ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर त्या वायरमुळे नसलेली थरथरही स्क्रीनवर दिसते.