लेकी-सुनांना मोबाइल-कॉम्प्युटर शिकवताय? या चुका टाळा

अमळनेरला बारा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवतेय. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात महाग चूक म्हणजे मुलीच्या फॉर्मवर भावाचा नंबर टाकणं. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना पात्र मुलींची फी माफ झाली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता अडणार काय? चोपड्याकडची एक पोरगी. सीईटीला मार्क चांगले, कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा लागली. जागा स्वीकारायचा शेवटचा दिवस, आणि नेट कॅफेवाल्याने टाकलेला पासवर्ड कोणालाच आठवेना. नवा पासवर्ड करायला ओटीपी हवा. नंबर भावाचा, आणि भाऊ रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर. दुपारी दोनपासून फोन लावतोय, रेंज नाही. रात्री त्याने परत फोन केला तोवर मुदत टळली होती. पोरीने बीएस्सीला नाव घातलं. बाप म्हणे, "नशीब!" नशीब कसलं, दहा आकड्यांची गोष्ट होती.

तेव्हापासून माझ्याकडे पहिल्या दिवशी माउस नाही, की वर्ड नाही. सिम तिच्या नावावर, बँकेत तोच नंबर, आधारलाही तोच. आधारचा नंबर बदलायला केंद्रावर मी स्वतः सोबत जाते. पासवर्ड वहीत, वही तिच्या ट्रंकेत. शहाणे लोक हसतात, हसू द्या.

घरात फोन आहे म्हणजे बाईकडे फोन आहे, असं धरून चालू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के होते, बायका ३३.३. स्वतः वापरायला फोन असलेल्या बायका जेमतेम ५४ टक्के.

दुसरी चीड: हातातून माउस काढून घेणं. बाई "माले नही जमस" म्हणायचा अवकाश, की शिकवणारा पोरगा "द्या काकू, मी करतो" म्हणून दोन मिनिटांत फॉर्म भरून मोकळा. काकू पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच दारात, हातात वीस रुपये घेऊन. मी शिकवताना हात मागे बांधून उभी राहते, खरंच बांधून. एका आजींना पहिला यूपीआय व्यवहार करायला पाऊण तास लागला. एक रुपया, मलाच पाठवला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला त्यांनी स्वतः पैसे दिले.

आणि "ताई, सर्टिफिकेट तेवढं लवकर द्या" म्हणणाऱ्या पोरींनो, सरकारच्या पीएमजीदिशा या डिजिटल साक्षरता योजनेचा साधा कोर्ससुद्धा २० तासांचा होता. तुम्हाला नोकरी हवी, आणि एक्सेलचं सूत्र स्वतः टाइप करायचा कंटाळा!

इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका, फोन मराठीत करा. बोलून टाइप करायचं मात्र उशिरा शिकवा, नाहीतर कीबोर्डला कोणी बोटच लावत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची बॅच ठेवू नका. कोणी येत नाही, मग "बायकांना आवडच नाही" असं ठरवून लोक मोकळे होतात. माझी बॅच रात्री साडेआठला, भाकरी थापून झाल्यावर. लाईट असली तर.