मित्राची जुनी गाडी आपल्या गाडीच्या बदल्यात घ्यावी का?

अदलाबदलीचा विचार करताना पहिला हिशेब आपल्याच गाडीचा मांडावा: आज ती बाजारात किती किमतीला जाईल आणि नजीकच्या काळात तिच्यावर कोणता मोठा खर्च येऊ घातला आहे. मित्राच्या गाडीलाही हीच मोजपट्टी लावावी आणि किमतींतील फरक रोखीने मिटवण्याचे आधीच ठरवावे, कारण मैत्रीत ‘बघू नंतर’ म्हणून सोडलेली रक्कमच पुढे बोचत राहते.

पाहायला जाताना गाडीचे इंजिन थंड असू द्यावे, असे मित्राला सांगून ठेवावे. थंड इंजिन सुरू करताना ऐकू येणारी खडखड किंवा ऑइल जळत असल्याचे सांगणारा निळा धूर गरम इंजिनात लपून जाऊ शकतो. टायरच्या कडेवर २३१९ असे अंक असतील, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनातील व्हॉल्व्ह म्हणजे झडपा आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा) असल्यास तो कधी बदलला हे विचारावेच, कारण तो तुटल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. तपासणी मात्र तिऱ्हाईत मेकॅनिककडून करून घ्यावी. मित्र कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्याच लक्षात न आलेला दोष तो सांगणार कसा? कर्ज बाकी नसल्याची खात्री होऊन दोन्ही गाड्यांच्या नोंदणीची व विम्याची कागदपत्रे तयार होईपर्यंत किल्ल्या एकमेकांच्या हाती देऊ नयेत.