मुलाखत चित्रित करताना नजर थेट समोर कशी आणावी

"कॅमेऱ्यात बघून बोला हं," असं सांगितलं की एरवी छान बोलणारा माणूस ताठ होऊन बसतो. शब्द पाठ केल्यासारखे येतात, हात मांडीवर थिजतात. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मी चित्रित करतो, आणि हे वाक्य उच्चारायचं मी कधीच सोडून दिलं. माणूस चेहऱ्याशी बोलतो, लेन्सशी बोलत नाही. नजर लेन्समध्ये हवी असेल तर लेन्सच्या जागी एक चेहरा आणून ठेवावा लागतो.

खर्च न करता: अंतर वाढवा

समजा, आजी लेन्सपासून दीड मीटरवर बसल्या आहेत आणि तुमचे डोळे लेन्सच्या १५ सेंटीमीटर बाजूला आहेत. आजी तुमच्याकडे बघतात तेव्हा त्यांची नजर जवळजवळ ६ अंशांनी तिरकी जाते, आणि पाहणाऱ्याला ते लगेच जाणवतं. तुम्ही आणि कॅमेरा दोघंही ३ मीटरवर सरकलात की तिरकेपणा निम्मा होतो. चौकट तेवढीच राहावी म्हणून ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावा. फोन असेल तर त्याची झूमची लेन्स वापरा.

बाजूला बसण्यापेक्षा लेन्सच्या बरोबर खाली डोकं येईल असे बसा. नजर किंचित खाली गेली तर फारशी कळत नाही, डावी-उजवीकडे गेलेली मात्र खटकते. लेन्स आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. त्या जमिनीवर बसल्या असतील तर ट्रायपॉडही तितका खाली आणा.

बऱ्याच कामांना एवढं पुरतं. नजर अगदी डोळ्यांत डोळे घालून हवी असेल तर पुढचा खटाटोप करा.

काचेची पेटी

अमेरिकी माहितीपटकार एरल मॉरिस यांनी यासाठी दोन टेलिप्रॉम्प्टर (लेन्सपुढच्या तिरक्या काचेत मजकूर दाखवणारी यंत्रं) एकमेकांना जोडले. समोरच्या माणसाला लेन्सच्या जागी मॉरिस यांचा चेहरा दिसे आणि मॉरिस यांना त्याचा. या यंत्रणेचं नाव 'इंटरोट्रॉन'. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा २००३ सालच्या माहितीपटात आपल्याशीच बोलतात असं वाटतं, ते यामुळे.

घरी करायला लागतं ते असं: एक टॅब, फोटोफ्रेमची पातळ काच, मोठा पुठ्ठ्याचा खोका आणि भरपूर काळं कापड. खोक्यात टॅब पडदा वर करून आडवा ठेवा. त्याच्यावर काच ४५ अंशांत तिरकी बसवा: खालची कड कॅमेऱ्याकडे, वरची कड आजींकडे झुकलेली. कॅमेरा काचेच्या मागे. टॅबवरच्या चेहऱ्याचं डोकं आजींच्या बाजूला हवं, म्हणजे काचेत तो सरळ उभा दिसतो. डावं-उजवं उलटं होतं, पण चेहऱ्याला ते चालतं. अक्षरं असती तर अडलं असतं.

मग टॅबवर व्हिडिओ कॉल लावा. तुम्ही त्याच खोलीत पडद्याआड दुसरा फोन घेऊन बसा. दोन्हीकडचा आवाज बंद ठेवा आणि पडद्याआडून नेहमीसारखं बोला. आवाज कॉलवरून नेलात तर तो उशिरा पोचतो आणि आजी थांबून थांबून उत्तर देतात. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: तुम्हीही तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातच बघायचं. तुम्ही पडद्यावर आजींना न्याहाळत राहिलात तर त्यांना तुमची नजर खाली गेलेली दिसते, आणि त्यांचीही हळूहळू भरकटते.

काळं कापड काचेच्या मागे लागतंच, पण काचेच्या वरही लागतं. काचेची मागची बाजू छताचं प्रतिबिंब थेट लेन्समध्ये टाकते. एकदा वरचं कापड टाकायचं राहून गेलं. घरी आल्यावर पाहिलं तर चाळीस मिनिटं आजींच्या कपाळावर छताचा पंखा फिरत होता. ती आठवण त्यांनी पुन्हा तशी सांगितली नाही.

साध्या काचेत चेहरा फिकट दिसतो, म्हणून टॅबचा उजेड पूर्ण वाढवा. टेलिप्रॉम्प्टरची खास काच मिळाली तर उत्तमच. ती बहुधा ७० टक्के प्रकाश आरपार सोडते आणि ३० टक्के परावर्तित करते. तेवढा कमी झालेला प्रकाश भरून काढायला कॅमेऱ्यात अर्धा स्टॉप (प्रकाश मोजायचं माप) वाढवून घ्या.

सगळं जुळलं की आधी स्वतः आजींच्या खुर्चीत बसा. काचेतल्या चेहऱ्याचे डोळे बरोबर लेन्सच्या समोर आले पाहिजेत. हनुवटी लेन्सवर येत असेल तर टॅब थोडा सरकवा. चष्म्यात टॅबचा पडदा चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला. खिडकीचा उजेड समोरून, थोडा बाजूने येऊ द्या. डोळ्यांत ठिपक्याएवढी चमक आली की चेहरा जिवंत होतो.

माणसं

घरातली माणसं कॅमेऱ्यामागे उभी राहिली की नजर फुटते. सून दारात आली की आजी तिच्याकडे बघणार, नातू हसला की त्याच्याकडे. सगळ्यांना प्रेमाने आजींच्या पाठीमागे किंवा दुसऱ्या खोलीत बसवा. ही काच कशासाठी आहे ते आजींना आधी दाखवा, हात लावू द्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा चिकटपट्टीने झाका. पहिला प्रश्न ज्याचं उत्तर सोपं आणि लांब आहे असा विचारा: माहेरची विहीर कुठे होती, जात्यावर कोण कोण बसायचं. मधे "हो, हो" म्हणू नका, नुसती मान हलवा. काचेत ती दिसते.

डोळे लेन्सकडे वळवून देणारी सॉफ्टवेअरही आता आहेत. एनव्हिडिया या कंपनीने २०२३ मध्ये तशी सोय आणली. घरून केलेल्या ऑफिसच्या भाषणाला ती चालेल. कुणाच्या आयुष्याच्या आठवणीला मी ती लावणार नाही. आजींनी जिथे पाहिलं, तेही त्यांच्या सांगण्यातलंच आहे.

म्हणूनच नजर हटली तर हटू द्या. एका आजी गेलेल्या भावाबद्दल बोलताना काचेवरून नजर काढून उंबरठ्याकडे बघत राहिल्या. मी प्रश्न विचारला नाही, कॅमेरा चालू ठेवला. पाऊण मिनिटाने त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तिथनंच गेला तो."