टीडीएस मीटर खिशातच राहू द्या: हार्मोन बिघडवणारी केमिकल काढताना या चुका टाळा

बीपीए, थॅलेट (प्लास्टिकमधून येणारी, हार्मोनचं काम बिघडवणारी केमिकल) हे शब्द आता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचलेत, चांगलंच आहे, पण त्यानंतर लोक जे करतात ते बघून डोक्याला हात लावायची वेळ येते.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे टीडीएस मीटर. वाघोलीकडची एक सोसायटी, उन्हाळ्यात पूर्ण टँकरवर. चेअरमन काकांनी पंपरूममध्ये नेलं, ही केमिकल धरून ठेवणाऱ्या कार्बन फिल्टरच्या आधीचं पाणी मोजलं, नंतरचं मोजलं, आकडा जवळपास तोच. "बघा, फिल्टर गेला!" अहो काका, कार्बन नवा कोरा भरला तरी आकडा तोच येणार, कारण ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं, म्हणजे क्षार. इस्ट्रोजेनसारखी हार्मोन पाण्यात असतात लिटरला काही नॅनोग्रॅम, ग्रॅमचा अब्जावा भाग, त्यात त्यांच्यावर विद्युतभारही नसतो, मीटरला दिसणार काय? शेजारच्या बिल्डिंगमध्ये उलटी तऱ्हा, आरओनंतर आकडा कमी आला म्हणून कार्बनकडे कोणी बघतच नाही.

काकांचा फिल्टर खरंच गेलेला, पण वेगळ्याच कारणाने. ऑपरेटर म्हणाला, "रोज बॅकवॉश करतो की साहेब, कार्बन ताजा राहतो." बॅकवॉशने, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुतल्याने, गाळ निघतो हो, कार्बनच्या छिद्रांत चिकटलेलं केमिकल नाही. त्यासाठी भट्टीत 800 अंशांच्या आसपास तापवावा लागतो, ते पंपरूममध्ये होत नाही, मुकाट्याने बदला. आणि भरलेला कार्बन नुसता पडून राहत नाही, आधी धरलेलं परत सोडूही शकतो. वर पंप ताशी 10,000 लिटरचा आणि टाकीत कार्बन 100 लिटर. भागाकार करा, पाणी आत थांबतं 36 सेकंद. या कामासाठी 10 ते 20 मिनिटं धरतात, म्हणजे निदान 1,600-1,700 लिटर कार्बन हवा. हे सांगितलं की सगळे गप्प, मग हळूच कोणीतरी विचारतं, "एखादी पावडर वगैरे नाही का?" मी फिल्टर बघायला गेलो की फ्लो आणि कार्बनचे लिटर एवढंच आधी विचारतो, ब्रँड नंतर.

पाणी उकळून ही केमिकल जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि ती उरतात.

घरच्या प्युरिफायरमधला यूव्ही दिवा जंतूंसाठी असतो. ही केमिकल तोडायला त्याच्या कित्येक पट डोस आणि सोबत पेरॉक्साइड लागतं, नाहीतर ओझोन. ते स्वयंपाकघराचं काम नाही.

क्लोरीन वाढवू नका. काही हार्मोन बदलतात खरी, पण त्यांचं क्लोरीनवालं भावंड तयार होतं.

आता कॉलेजच्या पोरांसाठी. मुठा नदीचं सॅम्पल बिसलेरीच्या बाटलीत आणायचं नाही, नाही म्हणजे नाही! एक एमटेकचा मुलगा विठ्ठलवाडीजवळून असंच घेऊन आला, मशीनच्या आलेखावर थॅलेटचा पीक (उंचवटा) बघून खूश, पेपरच्या गोष्टी सुरू. मी म्हटलं, आधी ब्लँक लाव, म्हणजे लॅबचंच शुद्ध पाणी, तीच बाटली, तेच हातमोजे, सगळं तसंच. ब्लँकमध्येही जवळपास तेवढाच पीक. नदी नव्हे, बाटली आणि मोजे मोजले होते त्याने. मी गडद काचेची बाटली मेथॅनॉलने धुऊन घेतो, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि प्रत्येक फेरीत एक ब्लँक. कंटाळवाणं आहे, पण ज्यांना ब्लँक लावायचा कंटाळा येतो त्यांचे आकडे मी वाचतच नाही.

एसटीपीवाल्यांनो (सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांनो), आउटलेटला इस्ट्रोन (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) इनलेटपेक्षा जास्त आलं तर लगेच लॅबला शिव्या देऊ नका. शरीर हार्मोनला साखरेसारखा रेणू जोडून बाहेर टाकतं, बॅक्टेरिया तो तोडतात आणि हार्मोन परत मोकळं होतं. स्लज, म्हणजे टाकीतला जंतूंचा गाळ, आठवड्याच्या आत काढून टाकत असाल तर हार्मोन पचवणारे जंतू टिकतच नाहीत, निदान 10 दिवस तरी मुरू द्या.